धबधब्याचा धनी कोण?

उत्तर व दक्षिण अमेरिका या दोन खंडांना जोडणारी जी चिंचोळी भूमि नकाशावर दिसते, ती मध्य अमेरिका. ग्वाटेमाला, बेलीझ, एल साल्वादोर, होंडुरास, निकारागुआ, कोस्टारिका आणि पनामा असे सात लहान देश तेथें नांदतात. एका अंगास पॅसिफिक महासागर, दुसऱ्या अंगास कॅरिबियन समुद्र आणि मधून ज्वालामुखींची रांग, अशी ही रचना आहे. पाऊस उदंड, डोंगर उंच आणि समुद्र जवळ. त्यामुळें नद्या आंखूड असल्या तरी उताराच्या व वेगवान आहेत. कोळसा येथें जवळजवळ नाहीं. खनिज तेलहि ग्वाटेमाला व बेलीझ येथील थोड्याशा सांठ्यांवांचून आढळत नाहीं. परंतु कोसळणारें पाणी आणि ज्वालामुखींच्या पायथ्याशीं कोंडलेली वाफ ही संपत्ति निसर्गानें या प्रदेशाला सढळ हातानें दिली आहे.

असें असतां, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथील बहुतेक खेडीं तेलाच्या दिव्यावर कां राहिलीं? ज्यांच्या उशाशीं धबधबे होते, त्यांच्या घरांत अंधार कां होता? या प्रश्नाचें उत्तर इतिहासांत शोधावें लागतें. आणि तें शोधूं लागलें म्हणजे दुसरा एक प्रश्न पुढें येतो : धबधब्याचा धनी कोण? या भागांतील देशांचें गेल्या सव्वाशें वर्षांचें भाग्य या प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळसें अवलंबून राहिलें आहे. कोस्टारिका या देशाची हकीकत त्या दृष्टीनें विशेष बोधप्रद आहे.

कोस्टारिकेच्या इतिहासांत १८८४ हें वर्ष दोन गोष्टींसाठीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. राजधानी सान होजे ही उंच पठारावर वसलेली. त्या पठारावर पिकणारी कॉफी कॅरिबियन किनाऱ्यावरील लिमोन बंदरापर्यंत नेण्यास रेल्वे हवी होती. तिच्यासाठीं १८७१ च्या सुमारास लंडनच्या सावकारांकडून काढलेलें कर्ज संपून गेलें, आणि रेल्वे मात्र अपुरीच राहिली. अखेर एप्रिल १८८४ मध्यें सरकारनें मायनर कीथ या अमेरिकन उद्योजकाशीं करार केला. कर्जाची व्यवस्था लावून रेल्वे पुरी करण्याचें त्यानें अंगावर घेतलें. त्याच्या मोबदल्यांत रेल्वेचा ९९ वर्षांचा ताबा आणि ८ लक्ष एकर जमीन त्याला मिळाली. देशाच्या एकंदर भूमीचा हा सुमारें सोळावा हिस्सा होता.

त्याच वर्षीं ९ ऑगस्टच्या रात्रीं सान होजेच्या रस्त्यांत विजेचे २५ दिवे लागले. मानुएल व्हिक्तोर देंगो या तेथील तंत्रज्ञानें लुईस बात्रेस या सहकाऱ्यासह हा उद्योग सिद्धीस नेला होता, आणि त्यांचा लहानसा डायनामो पाण्याच्या बळावर फिरत होता. जगांतील मोजक्याच शहरांना त्या काळीं विजेचे दिवे ठाऊक होते. एकाच वर्षांत एका हातानें देशानें आपली भूमि परक्याच्या स्वाधीन केली, आणि दुसऱ्या हातानें आपल्या पाण्यांतून स्वतःचा प्रकाश निर्माण केला. पुढील साठ वर्षें पहिल्या हाताचीच सरशी होत गेली.

रेल्वे १८९० मध्यें पुरी झाली. कॉफीच्या वाहतुकींतून पुरेसें उत्पन्न होईना, म्हणून कीथनें रुळांच्या दोन्ही बाजूंस केळ्यांची लागवड वाढविली. केळ्यांचा व्यापार कॉफीहूनहि किफायतशीर ठरला आणि १८९९ सालीं युनायटेड फ्रूट कंपनीचा जन्म झाला. मळे कंपनीचे, आगगाडी कंपनीची, बंदरावरचा धक्का कंपनीचा आणि माल नेणारीं जहाजेंहि कंपनीचीं, अशी ही व्यवस्था होती. ग्वाटेमाला आणि होंडुरास येथेंहि तिचाच विस्तार झाला. या रेल्वेमार्गांचे नकाशे पाहिले असतां कंपन्यांचा हेतु तेव्हांच कळून येतो. ते मळ्यांकडून बंदराकडे जातात. एका गांवाहून दुसऱ्या गांवास नेण्याचा त्यांचा उद्देशच नव्हता. होंडुरासच्या उत्तर किनाऱ्यावर केळ्यांच्या मळ्यांसाठीं रुळांचें जाळें पसरलें, परंतु राजधानी तेगुसिगाल्पा येथपर्यंत आगगाडी कधींच पोंचली नाहीं. देशांत यंत्रें आलीं, पण तीं देशाची झालीं नाहींत.

विजेचीहि तीच गति झाली. देंगो यांच्या पिढीनें सुरू केलेल्या लहान वीजकंपन्या हळूहळू परकीय भांडवलाच्या हातीं गेल्या, आणि १९२८ सालीं सान होजे व आसपासचा वीजपुरवठा अमेरिकन अँड फॉरिन पॉवर या एकाच कंपनीच्या अंकित झाला. ग्वाटेमाला, पनामा इत्यादि देशांतहि याच समूहाच्या वीजकंपन्या होत्या. व्यापारी कंपनी गिऱ्हाईक दाट असेल तेथें तारा नेते. विरळ वस्तीच्या खेड्यांत खांब रोवणें तिला परवडत नाहीं. तिच्या हिशेबानें त्यांत वावगें कांहींच नव्हतें. प्रश्न एवढाच होता कीं, नदी सर्वांची असतां हिशेब एकट्या कंपनीचाच कां असावा?

हा प्रश्न कोस्टारिकेंतील सुशिक्षित नागरिकांनीं १९२८ मध्येंच विचारला. वीज एका परकीय कंपनीच्या मुठींत जाऊं नये म्हणून त्यांनीं एक नागरी संघ स्थापिला आणि वृत्तपत्रांतून व सभांतून चळवळ केली. तिच्या दडपणामुळें त्याच वर्षीं कायदा होऊन राष्ट्रीय विद्युत् सेवा नांवाचें खातें निर्माण झालें. पाण्याच्या परवान्यांवर व दरांवर देखरेख करण्याचा अधिकार या खात्याला मिळाला. परंतु धरणें बांधण्यास लागणारा पैसा आणि माणसें त्याच्यापाशीं नव्हतीं. १९४० नंतरच्या दशकांत मागणी वाढली, नवीं केंद्रें मात्र निघेनात; आणि राजधानींतील दिवेहि ऐन संध्याकाळीं मंद होऊं लागले.

अशा स्थितींत १९४८ साल उजाडलें. अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल विधिमंडळानें रद्द ठरविल्यामुळें देशांत यादवी युद्ध पेटलें. सुमारें सहा आठवड्यांच्या या युद्धांत होसे फिगेरेस यांचा पक्ष विजयी झाला आणि त्यांच्या नेतृत्वाखालीं दीड वर्ष हंगामी मंडळानें कारभार पाहिला. या अल्प काळांत तीन मोठे निर्णय झाले. जून १९४८ मध्यें बँका राष्ट्राच्या मालकीच्या करण्यांत आल्या. १ डिसेंबर १९४८ रोजीं फिगेरेस यांनीं राजधानींतील बेयाव्हिस्ता या लष्करी ठाण्याच्या भिंतीवर हातोड्याचा घाव घालून देशाचें खडें सैन्य बरखास्त झाल्याचें जाहीर केलें. आणि ८ एप्रिल १९४९ रोजीं राष्ट्रीय विद्युत्संस्था स्थापन झाली. तिच्या स्पॅनिश नांवाच्या आद्याक्षरांवरून लोक तिला ‘ईसे’ म्हणतात.

या संस्थेमागें होर्हे मानुएल देंगो या तरुण अभियंत्याची दृष्टि होती. नामांकित शिक्षणतज्ज्ञ ओमार देंगो यांचे ते चिरंजीव. देशांतील नद्यांचा विचार करून त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं संबंध राष्ट्राच्या विद्युतीकरणाची योजना आधींच तयार करून ठेविली होती. संस्थेच्या कायद्यांत दोन कलमें मोठ्या दूरदृष्टीचीं होतीं. एकानें तिला दैनंदिन राजकारणापासून स्वायत्त ठेविलें. दुसऱ्यानें, तिच्या नफ्याचा कोणताहि भाग सरकारी तिजोरींत जाऊं नये, तो विजेच्या वाढीसाठींच खर्च व्हावा, असें बंधन घातलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत अंमलांत आलेल्या नव्या राज्यघटनेनें तर स्पष्ट शब्दांत सांगून टाकलें कीं, सार्वजनिक जलांपासून मिळणारी शक्ति राष्ट्राच्या स्वामित्वांतून कायमची बाहेर जाऊं शकणार नाहीं. मर्यादित काळासाठीं परवाने देतां येतील. मालकी देतां येणार नाहीं. धबधब्याच्या धन्याचें नांव असें घटनेंतच लिहिलें गेलें.

तथापि नांव लिहिणें सोपें आणि धनीपण निभावणें कठीण. त्यासाठीं नद्या मोजणारे, बोगदे खणणारे, यंत्रें चालविणारे लोक घरचेच हवे होते. आणि ते घडविणें हेंच संस्थेचें खरें कार्य ठरलें. १९५८ सालीं ला गारिता येथील केंद्र सुरू झालें; १९६३ मध्यें रिओ माचो आणि १९६६ मध्यें काची हीं केंद्रें झालीं. १९६५ च्या सुमारास कांहीं ग्रामीण भागांत शेतकऱ्यांच्या सहकारी वीजसंस्था निघाल्या व जेथें कंपनी कधीं गेली नव्हती तेथें तारा पोंचल्या. जुन्या परकीय कंपनीची मालमत्ता कोस्टारिकेनें हिसकावून घेतली नाहीं. आधीं स्वतःचीं केंद्रें उभारलीं, कंपनीलाच आपली वीज विकली, आणि १९६८ मध्यें रीतसर किंमत देऊन ती कंपनी विकत घेतली. घाई न करतां, पण पाऊल मागें न घेतां, असा हा वीस वर्षांचा प्रवास होता.

शेजारच्या ग्वाटेमालांत जवळजवळ त्याच वेळीं असाच विचार प्रबळ झाला होता. १९५१ मध्यें अध्यक्ष झालेल्या याकोबो आर्बेन्स यांनीं तीन कामें हातीं घेतलीं : कंपनीच्या आगगाडीशीं स्पर्धा करील असा अटलांटिक किनाऱ्यापर्यंतचा हमरस्ता, सान्तो तोमास येथें सरकारी बंदर, आणि परकीय वीजकंपनीवर अवलंबून राहावें लागूं नये म्हणून हुरून मारिनाला येथें जलविद्युत् केंद्र. परंतु १९५२ च्या जमीन सुधारणा कायद्यान्वयें युनायटेड फ्रूट कंपनीची पडीक जमीन ताब्यांत घेतली जातांच अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा रोष ओढवला. जून १९५४ मध्यें त्यांच्या गुप्तहेर खात्यानें उभारलेल्या बंडामुळें आर्बेन्स यांना सत्ता सोडावी लागली. ज्या वीजकेंद्राचा त्यांनीं संकल्प केला होता, तें १९७० सालीं पुरें झालें. एका देशानें जो काळ बांधण्यांत घालविला, तो दुसऱ्यास लष्करी राजवटींत व रक्तपातांत कंठावा लागला. कोस्टारिकेनें जमिनीला हात लावला नाहीं, सैन्य ठेविलें नाहीं आणि महासत्तेशीं उघड वैर पत्करलें नाहीं. तिच्या यशांत शहाणपणाचा वांटा मोठा असला, तरी दैवाचाहि कांहीं वांटा होता हें विसरून चालणार नाहीं.

१९७३ मध्यें खनिज तेलाचे भाव भडकले, आणि तेल विकत घेणाऱ्या लहान देशांना पाण्याचें मोल नव्यानें कळलें. कोस्टारिकेनें आरेनाल सरोवराची योजना हातीं घेतली. आरेनाल नदीचें पाणी स्वभावतः कॅरिबियन समुद्राकडे वाहत असे. अभियंत्यांनीं धरण बांधून जुनें सरोवर कितीतरी पट मोठें केलें आणि बोगद्यांवाटे तें पाणी डोंगराच्या दुसऱ्या बाजूस, पॅसिफिकच्या उतारावर, वळविलें. आरेनालचें केंद्र १९७९ मध्यें, कोरोबिसीचें १९८२ मध्यें आणि सान्दियालचें १९९२ मध्यें सुरू झालें. तेंच पाणी तीन वेळां यंत्रें फिरवितें, आणि शेवटीं ग्वानाकास्ते प्रांतांतील कोरड्या शेतांना भिजवितें. पाण्याच्या एका थेंबाकडून चार कामें करून घेण्याचें असें उदाहरण विरळा. परंतु याच सरोवराच्या तळाशीं आरेनाल व त्रोनादोरा हीं दोन गांवें गेलीं. तेथील रहिवाशांसाठीं नवीं गांवें वसविण्यांत आलीं. घरें मिळालीं, शेतें मिळालीं. पण वाडवडिलांचें गांव पाण्याखालीं गेलें तें गेलेंच.

येथें या कथेची अवघड बाजू सुरू होते. धबधबा राष्ट्राच्या मालकीचा झाला म्हणजे तो लोकांचा झालाच, असें समजणें धोक्याचें आहे. ग्वाटेमालांतील चिशोय धरण ही तेथील सरकारी विद्युत्संस्थेचीच योजना होती, आणि तिला जागतिक बँकेचें कर्जहि मिळालें होतें. या धरणाखालीं जाणाऱ्या रिओ नेग्रो गांवांतील माया आची जमातीच्या लोकांनीं आपली भूमि सोडण्याचें नाकारलें. १३ मार्च १९८२ रोजीं लष्कराच्या सैनिकांनीं व त्यांच्या सशस्त्र साथीदारांनीं त्या गांवांतील ७० स्त्रिया आणि १०७ मुलें ठार मारलीं. पुढील वर्षीं धरणांत पाणी भरलें. वांचलेल्यांना नुकसानभरपाईचा सरकारी करार मिळण्यास २०१४ साल उजाडावें लागलें. त्या धरणाची वीज राजधानींतील घरोघर पोंचली, आणि ज्यांच्या भूमीवर तें उभें राहिलें त्यांच्यांतील अनेक कुटुंबें वर्षानुवर्षें विजेवांचून राहिलीं. दिव्याखालीं अंधार म्हणतात तो याहून निराळा काय असणार?

निसर्गहि आपला हक्क सांगितल्यावांचून राहत नाहीं. होंडुरासनें १९८५ मध्यें एल काहोन येथें २२६ मीटर उंचीचें प्रचंड धरण पुरें केलें आणि देशाची बहुतेक भिस्त त्या एकट्यावर ठेविली. १९९४ च्या अवर्षणांत त्याचें पाणी आटलें व संबंध देशांत तासन्तास वीज बंद ठेवावी लागली. म्हणूनच शहाण्या नियोजकांनीं भूगर्भांतील वाफेकडे लक्ष वळविलें. एल साल्वादोरनें १९७५ मध्यें आवाचापान येथें मध्य अमेरिकेंतील पहिलें भूऔष्णिक केंद्र सुरू केलें. निकारागुआनें १९८३ मध्यें मोमोतोम्बो ज्वालामुखीच्या पायथ्याशीं, आणि कोस्टारिकेनें १९९४ मध्यें मिरावायेस येथें. ही वाफ पावसाची वाट पाहत नाहीं. पुढें ग्वाटेमालापासून पनामापर्यंतच्या सहा देशांनीं सुमारें १,८०० किलोमीटर लांबीची सामाईक वाहिनी उभारली व २०१४ मध्यें ती पुरी झाली. ज्या देशांना केळ्यांच्या आगगाडीनें परस्परांशीं जोडलें नाहीं, त्यांना विजेच्या तारांनीं जोडलें.

कोस्टारिकेंत अलीकडे बहुतेक वर्षीं शेंकडा नव्वदांहून अधिक वीज पाणी, वाफ व वारा यांपासून निर्माण झाली आहे, आणि जवळजवळ प्रत्येक घरांत ती पोंचली आहे. तरीहि तेथें सर्व आलबेल आहे असें नाहीं. मोटारी व मालवाहू गाड्या बहुतांशीं आयात केलेल्या तेलावरच चालतात; त्यामुळें देशाच्या एकंदर इंधनखर्चांत तेलाचा वांटा आजहि मोठा आहे. विद्युत्संस्थेचा कारभार सुस्त झाला, तिच्यावर कर्जाचा बोजा चढला, अशी टीका होत आली आहे, आणि ती सर्वस्वी निराधार नाहीं. मार्च २००० मध्यें वीज व दूरध्वनि यांचें क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुलें करण्याचें विधेयक पहिल्या वाचनांत मोठ्या बहुमतानें संमत झालें, तेव्हां विद्यार्थी, कामगार आणि शेतकरी रस्त्यावर उतरले. कित्येक दिवस देशाचे मार्ग अडले, आणि अखेरीस सरकारला तें विधेयक गुंडाळावें लागलें. दूरध्वनीचें क्षेत्र पुढें २००८ मध्यें खुलें झालें. विजेची संस्था मात्र राष्ट्राचीच राहिली. आपल्या विजेसाठीं एवढ्या मोठ्या संख्येनें लोक रस्त्यावर यावेत, हें त्या संस्थेनें पन्नास वर्षांत मिळविलेल्या विश्वासाचेंच गमक होय.

परंतु याच संस्थेनें देशाच्या दक्षिण भागांत दिकीस नांवाच्या धरणाची भव्य योजना आंखली, तेव्हां तेराबा या मूळ रहिवाशांनीं विचारलें कीं, आमच्या भूमीवर पाणी चढविण्यापूर्वीं आमची संमति कोणीं घेतली? प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या प्रतिनिधीनेंहि आधीं सल्लामसलत झाली पाहिजे असें बजाविलें. इकडे विजेची मागणीहि अपेक्षेप्रमाणें वाढली नाहीं. आणि २०१८ मध्यें ती योजना सोडून देण्यांत आली. चिशोयच्या स्मृतीनें काळवंडलेल्या प्रदेशांत एक मोठें धरण शब्दानें आणि कायद्यानें थांबूं शकलें, ही गोष्ट लहान नव्हे.

मे २०२४ मध्यें दीर्घ अवर्षणानें आरेनाल सरोवराची पातळी खालावली, आणि कोस्टारिकेच्या विद्युत्संस्थेला वीजकपातीची घोषणा करावी लागली. सुदैवानें पाऊस आला आणि ती घोषणा मागें घेतां आली. घटनेनें राष्ट्राला धबधब्याचा धनी केलें, तरी ढगांचा धनी तिला कोणालाहि करतां येत नाहीं. एका पिढीनें परक्याच्या हातून नदी सोडविली. दुसऱ्या पिढीनें ती कामाला लाविली. नदीकांठच्या दुर्बळांना तिच्या हिशेबांत स्थान देणें आणि आटत चाललेलें पाणी जपून वापरणें हें तिसऱ्या पिढीकडे आलें आहे. देशाची संपत्ति त्याच्या डोंगरांत व नद्यांत असते हें खरें. पण ती कोणासाठीं आणि कोणाच्या संमतीनें वापरावयाची, हा प्रश्न एकदां सोडविला म्हणजे संपत नाहीं. १८८४ मध्यें सान होजेच्या रस्त्यांत लागलेल्या त्या पंचवीस दिव्यांनीं तोच प्रश्न प्रथम उजेडांत आणिला होता.